मांजराचा मिटलेला जबडा

मांजर झोंपेतून उठलें म्हणजे प्रथम पाठीची कमान करतें, पुढचे पाय ताणतें, आणि मग एक भली मोठी जांभई देतें. ती जांभई घरांतील मुलें कौतुकानें पाहतात. मोठीं माणसें तिकडे पाहतहि नाहींत. वास्तविक त्या एका जांभईंत त्या प्राण्याच्या प्रकृतीचा एक महत्त्वाचा दाखला असतो. एवढ्याशा तोंडाचा केवढा तरी आ होतो. निरोगी व पूर्ण वाढलेल्या मांजराला भूल देऊन मोजलें, तर वरच्या व खालच्या पुढील दांतांमधील अंतर सुमारें ६ सेंटिमीटर भरतें. म्हणजे माणसाचीं तीन बोटें उभीं राहूनहि जागा उरावी. ज्या मांजराची जांभई नाहींशी झाली, किंवा अर्ध्यावरच थांबूं लागली, त्याच्या जबड्याच्या सांध्यांत कांहींतरी बिघडलें असण्याचा संभव फार. आणि हा बिघाड पुष्कळदां अशा वेळीं ध्यानांत येतो कीं, ज्या अपघातानें तो झाला तो अपघात घरांतील मंडळी विसरूनहि गेलेली असतात.

उदाहरणादाखल भाटघरचें एक मांजर कल्पावें. भोर तालुक्यांतील हा गांव वेळवंडी नदीवरील धरणामुळें सर्वांना परिचित आहे. तेथील मोठें धरण १९२८ सालीं पुरें झालें व पुढें पुष्कळ वर्षें तें लॉइड धरण ह्या नांवानें ओळखलें जाई. पावसाळ्यांत धरण भरलें म्हणजे पुण्याकडील मंडळी पाणी पाहावयास लोटतात आणि एरवीं निवांत असलेला रस्ता मोटारींनीं व फटफट्यांनीं गजबजून जातो. ह्या भागांत भात पिकतें; भात आलें कीं उंदीर आले, आणि उंदरांमागून घरोघर मांजर आलेंच. अशाच एका घरचें चार महिन्यांचें पिलूं रस्ता ओलांडतांना फटफटीचा धक्का लागून बाजूला फेंकलें गेलें असें समजावें. नाकांतून थोडें रक्त आलें, एका बाजूचें गालफड सुजलें, हनुवटीला खरचटलें. दोन दिवस तें कपाटाखालीं दडून राहिलें. तिसऱ्या दिवशीं बाहेर येऊन दूध प्यालें. आठ-दहा दिवसांत सूज उतरली, पिलूं पुन्हा दोरीच्या गुंडीमागें धांवूं लागलें. 'दैव बलवत्तर म्हणून वांचलें,' असें म्हणून सर्वांनीं समाधान मानलें.

येथपर्यंतची हकीकत हजारों घरांतली आहे. पुढची तितकी सर्वत्रिक नसली तरी दुर्मिळहि नाहीं. महिन्या-दीड महिन्यानंतर तें पिलूं मासळीचा तुकडा तोंडांत धरून मान वांकडी करूं लागतें व तुकडा टाकून देतें. मग नुसता रस्सा चाटतें. मग फक्त दूध. अंगावरचे केस राठ व मळकट दिसूं लागतात, कारण जीभ पुरती बाहेर येत नाहीं व मांजराची न्हाणीघराची सारी व्यवस्था जिभेवरच असते. घरांतील वडील माणसें म्हणतात, दुधाची चटक लागली आहे, लाडानें माजलें आहे. परंतु वस्तुस्थिति अशी असते कीं, पिलूं माजलेलें नसून उपाशी असतें. एखाद्यानें त्याचें तोंड उघडून पाहण्याचा प्रयत्न केला म्हणजे मग कळतें कीं, दातांच्या दोन रांगांमधून जिभेचें टोंक निघण्याइतकीच फट राहिली आहे.

असें कां व्हावें हें समजण्यासाठीं मांजराच्या जबड्याची रचना थोडी पाहिली पाहिजे. खालचा जबडा हें वस्तुतः एक हाड नव्हे. उजवें व डावें अशीं दोन हाडें हनुवटीपाशीं चिवट तंतूंनीं व कूर्चेनें जोडलेलीं असतात. माणसाप्रमाणें तीं पुढें एकजीव होत नाहींत. प्रत्येक हाडाच्या मागच्या टोंकाला लाटण्याच्या तुकड्यासारखी एक आडवी, वाटोळी मुंडी असते. कानाच्या किंचित् पुढें, कवटीच्या खालच्या अंगाला, तितक्याच आडव्या आकाराची एक खांच असते. मुंडी त्या खांचेंत बसते व दोहोंमध्यें एक पातळ लवचिक चकती असते. खांचेच्या मागें हाडाचा एक कंगोरा खालीं उतरलेला असतो, त्यामुळें मुंडीला मागें सरकतां येत नाहीं. माणूस घांस चावतांना जबडा पुढें-मागें व बाजूला हलवितो. गाय रवंथ करतांना तर तो जात्यासारखा फिरविते. मांजराला ही मुभा नाहीं. त्याचा जबडा दाराच्या बिजागरीप्रमाणें वर-खालीं होतो, आणि जवळजवळ तेवढेंच करतो. त्याच्या तीस दांतांपैकीं मागच्या मोठ्या दाढा दळण्यासाठीं नसून कापण्यासाठीं असतात. त्यांच्या कडा कात्रीच्या पात्यांप्रमाणें एकमेकींना घासून जातात.

ही कात्रीची उपमा पुढेंहि उपयोगी पडेल. कात्रीचा खिळा सैल झाला तर ती कापड कापीत नाहीं, नुसतें चुरगळते. आणि खिळा गंजून धरला तर ती उघडतच नाहीं. मांजराच्या जबड्याला इजा झाल्यावर ह्या दोन्ही गोष्टी होऊं शकतात. पहिली ताबडतोब दिसते, दुसरी सावकाश येते.

मांजर उंचावरून पडलें तरी चार पायांवर येतें, ही गोष्ट खरी आहे. परंतु चार पाय जमिनीला लागल्यावर डोकेंहि त्याच वेगानें खालीं येत असतें, व हनुवटी फरशीवर आपटते. १९८७ सालीं न्यूयॉर्कमधील दोन पशुवैद्यांनीं, उंच इमारतींवरून पडून रुग्णालयांत आणलेल्या १३२ मांजरांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं उपचार झालेलीं शेंकडा नव्वद मांजरें वांचलीं. हा आंकडा ऐकून आश्चर्य वाटतें खरें. मात्र जीं जागच्या जागीं गतप्राण झालीं त्यांना कोणी रुग्णालयांत नेलें नसणार, हेंहि विसरूं नये. जीं वांचलीं त्यांच्यांत छातीच्या, पायांच्या व तोंडाच्या इजा वारंवार आढळल्या. मुंबई-पुण्याकडे आतां चाळींच्या जागीं दहा-दहा, वीस-वीस मजल्यांच्या इमारती उठल्या आहेत, व त्यांच्या सज्जांना जाळी नसते. तेव्हां न्यूयॉर्कचें हें दुखणें येथेंहि आलेलें आहे. खेड्यांत त्याची जागा मोटार घेते, किंवा कुत्रा.

अपघातानंतर मांजर पशुवैद्याकडे नेलें असतां तो प्रथम जबड्याकडे पाहत नाहीं, छातीकडे पाहतो. फुप्फुसाभोंवतीं हवा किंवा रक्त सांचलें असेल तर जबडा चार तास थांबूं शकतो, श्वास थांबूं शकत नाहीं. मांजराचे मालक ह्यावर कधीं कधीं रागावतात. तसें करूं नये.

जबड्याच्या इजांमध्यें सर्वांत नेहमींची म्हणजे हनुवटीपाशीं दोन्ही हाडें एकमेकांपासून सुटणें. सुळ्यांच्या मागून तारेचा एक वेढा घालून तीं जुळवितां येतात व बहुधा चांगलीं बसतात. परंतु ह्या सोप्या इजेंत एक फसवणूक आहे. ज्या आघातानें हनुवटी फुटली तोच आघात जबड्याच्या हाडांतून मागें सांध्यापर्यंत पोंचलेला असतो. पुढची फट सर्वांना दिसते. मागची मुंडी तडकली असेल तर ती कोणालाच दिसत नाहीं.

दुसरा प्रकार सांधा निखळण्याचा. मुंडी आपल्या खांचेंतून सुटून बहुधा पुढें व वर सरकते. एकाच बाजूची मुंडी निखळली तर हनुवटी दुसऱ्या बाजूला वळते, तोंड पुरतें मिटत नाहीं व लाळ गळत राहते. ही इजा ताजी असेल, व हाड मोडलेलें नसेल, तर तिचा उपाय ऐकून शाळेंतील मुलांना तरफेचा धडा आठवेल. मांजराला पूर्ण भूल देतात. पेन्सिलीएवढी एक लांकडी कांडी मागच्या दाढांच्या मध्यें आडवी धरतात. ती टेकू होते. मग पुढून तोंड हळूहळू मिटवीत जबडा मागें ढकलला कीं, टेकूच्या पलीकडची मुंडी खालीं उतरून आपल्या खांचेंत परत जाते. त्यानंतर कांहीं दिवस तोंड फार उघडूं नये म्हणून वरचे व खालचे सुळे दंतवैद्यकांतील एका लुकणानें एकमेकांस जोडून ठेवतात. जीभ बाहेर काढून पातळ अन्न चाटतां येईल एवढी फट मात्र राखतात. हें सारें ऐकायला सोपें वाटतें म्हणून कोणी घरीं करावयास जाऊं नये. भूल न देतां हा प्रयोग करणाराच्या बोटांची धडगत नसते, आणि मुंडी जर मोडलेली असेल तर ह्या दाबानें ती आणखी फुटते. शिवाय ह्याला काळाची मर्यादा आहे. कांहीं आठवडे लोटले म्हणजे रिकाम्या खांचेंत तंतूंची भर पडते व पेन्सिलीचा टेकू निरुपयोगी ठरतो.

आतां तिसरा प्रकार, ज्यानें भाटघरच्या त्या कल्पित पिलाला उपाशी ठेवलें. ह्यांत हाड मोडतें तें सांध्याच्या आंत किंवा अगदीं लगत. तेथें रक्त सांचतें. शरीर त्या रक्ताच्या गांठीची विल्हेवाट ठराविक क्रमानें लावतें: प्रथम ती तंतुमय होते, मग कूर्चा बनते, मग हाड. पायाचें हाड मोडलें असतां ह्याच क्रमानें तें सांधलें जातें, व त्याबद्दल देवाचे आभार मानावे तितके थोडेच. परंतु सांध्याच्या ठिकाणीं दोन हाडें वेगळीं राहणें हीच खरी प्रकृति असते. तेथें हाच गुण अवगुण ठरतो. मुंडी व खांच ह्यांच्यामध्यें हाडाचा पूल बांधला जातो आणि सांधा जखडतो. वैद्यकांत ह्याला अँकिलोसिस म्हणतात. जखम चिघळल्यामुळें हें होतें असें नव्हे. जखम उत्तम भरली म्हणूनच होतें. लहान वयांत हाड जलद वाढतें व जलद भरतें. म्हणून पिलांत व तरुण मांजरांत हा धोका अधिक. सांधा जखडण्यास कधीं कांहीं आठवडे लागतात, कधीं कित्येक महिने. आणि पिलाचा जबडा वाढीच्या काळांत जखडला तर खालचा जबडा त्या बाजूनें आंखूड व वांकडा राहतो तो वेगळाच.

कधीं कधीं सांधा निर्दोष असूनहि तोंड उघडत नाहीं. गालाच्या हाडाची कमान कवटीपासून थोडी दूर उभी असते, व जबड्याच्या हाडाचा पात्यासारखा एक पातळ भाग तिच्या आंतून वर गेलेला असतो. कमान मोडून आंत दबली व भरतांना त्या पात्याला चिकटली, तर दाराची बिजागरी चांगली असून दार चौकटीला खिळवून टाकावें तसें होतें. शस्त्रवैद्याच्या दृष्टीनें हा भेद फार महत्त्वाचा आहे, कारण कोठें कापावयाचें हें त्यावर ठरतें.

माणसांतहि हें दुखणें आहे. लहान मूल हनुवटीवर पडतें, चार दिवस रडतें, बरें होतें. आणि वर्ष-दोन वर्षांनीं त्याच्या तोंडांत घांस जाईनासा होतो. आपल्या देशांत मुलांचा जबडा जखडण्याचें एक प्रमुख कारण असें पडणेंच होय. मूल निदान बोलून दाखवितें. मांजराला तीहि सोय नाहीं.

तोंड न उघडणें हें मात्र नेहमीं जुन्या इजेचेंच चिन्ह असतें असें धरून चालणें धोक्याचें आहे. डोळ्याच्या मागें गळूं झालें तरी मांजर तोंड उघडूं देत नाहीं. तेव्हां डोळा पुढें आलेला दिसतो व अंगांत ताप असतो. धनुर्वातानेंहि दांतखिळी बसते, परंतु मांजरांत तो क्वचित् होतो. सर्वांत अधिक जपावयाचें तें पिसाळण्याच्या रोगापासून. जें मांजर एकाएकीं लाळ गाळूं लागलें, ज्याचा जबडा लोंबूं लागला, ज्याला गिळतां येईना, व ज्याच्या स्वभावांत पालट झाला, त्याच्या तोंडांत हात घालून दाढेंत कांटा अडकला आहे कीं काय हें पाहण्याचें धाडस कोणीं करूं नये. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, आणि विलंब न लावतां दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी.

आणखी दोन गोष्टी घरच्या मंडळींनीं ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. दुखतें म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कदापि देऊं नये. माणसाचें यकृत ती गोळी ज्या मार्गानें पचवितें तो मार्ग मांजराच्या शरीरांत जवळजवळ नाहींच. मुलाला ताप आल्यावर जी गोळी सहज दिली जाते ती एक गोळी मांजराचा जीव घेऊं शकते. दुसरी गोष्ट उपवासाची. एकादशीचा उपवास माणसाला मानवतो. मांजराला, विशेषतः लठ्ठ मांजराला, कांहीं दिवसांचा उपवास घडला तर अंगांतील चरबी यकृतांत सांचून तें यकृतच निकामी होऊं लागतें. नुसतें दूध चालू असलें म्हणजे झालें, ही समजूतहि चुकीची. मांजर मांसाहारी आहे. मांसांतील कांहीं द्रव्यें त्याला अवश्य लागतात व तीं दूधभातांत मिळत नाहींत. म्हणून जखडलेल्या जबड्याचें मांजर दूध पीत असलें तरी प्रत्यक्षांत झिजत असतें.

भाटघरहून अशा मांजराला न्यावयाचें कोठें, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीं विचारला असता तर लोक हंसले असते. जनावरांविषयींची करुणा येथें नवी नव्हे. मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालींच निघाला. परंतु पांजरपोळांत आसरा मिळे, चारा मिळे; मोडलेलें हाड जोडणें ही निराळी विद्या. ती पुढें पन्नास वर्षांनीं आली. सर दिनशा माणेकजी पेटिट ह्यांच्या देणगींतून त्यांच्या पत्नीच्या नांवानें परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें व १८८४ सालीं त्याचें उद्घाटन झालें. १८८६ सालीं त्याच्याच सान्निध्यांत मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. त्या काळच्या विद्यार्थ्यांपुढें घोडे असत, बैल असत. मांजर ह्या प्राण्याला शस्त्रक्रियेच्या मेजावर आणण्याइतकी किंमत यावयास आणखी पुष्कळ काळ जावा लागला. आज ती स्थिति पालटली आहे. २००० सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखालीं ह्या विद्येचीं अनेक महाविद्यालयें आहेत. मुंबईंत महालक्ष्मी भागांत २०२४ सालीं टाटा ट्रस्ट्सचें खास लहान प्राण्यांसाठीं मोठें रुग्णालय उघडलें. आणि भाटघरच्या मंडळींना तर मुंबई गांठण्याआधींच एक ठिकाण आहे. वेळवंडीचें पाणी ज्या नीरेला मिळतें त्या नीरेच्या पलीकडच्या तीरावर शिरवळ येथें क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८ सालापासून चालू आहे. निदान तेथें होऊं शकतें. आणि जबड्याच्या सांध्याची अवघड शस्त्रक्रिया कोणाच्या हातून करून घ्यावी हें तेथील जाणकारांना विचारून ठरविणें उत्तम, कारण हें काम सरसकट प्रत्येक पशुवैद्य करीत नाहीं व करूंहि नये.

निदानासाठीं साध्या क्ष-किरणांचा उपयोग होतो, परंतु कवटीच्या चित्रांत इतकीं हाडें एकमेकांवर पडतात कीं, नेमकी मुंडी ओळखणें कठीण जातें. सी. टी. स्कॅनच्या यंत्रानें डोक्याचे जणूं कांदा चिरावा तसे पातळ काप पाहावयास मिळतात, व पूल कोठें बांधला गेला आहे, किती रुंद आहे, गालाची कमान त्यांत गुंतली आहे किंवा नाहीं, हें आधींच कळतें.

पहिली अडचण शस्त्रक्रियेपूर्वींच उभी राहते. भूल देतांना श्वासनलिकेंत रबराची नळी घालावी लागते, आणि ती तोंडावाटे घालावयाची तर तोंड उघडावयास पाहिजे. जें उघडत नाहीं म्हणूनच ही सारी खटपट! अशा वेळीं बारीक दुर्बिणीच्या नळीचा आधार घेतात. तेंहि न जमल्यास गळ्याला पुढून छिद्र पाडून श्वासनलिकेंत नळी बसवितात. भूल चढतांना मांजराला वांती झाली तर ती तोंडावाटे बाहेर पडूं शकत नाहीं व फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. ह्या शस्त्रक्रियेंत भूल देणाराची परीक्षा शस्त्रवैद्याच्या आधीं होते ती अशी.

मग गालाच्या कमानीच्या खालच्या कडेनें, कानाकडील बाजूला, त्वचेला छेद घेतात. जबडा मिटविणारा जाड स्नायु हाडापासून सोडवून बाजूला करतात. चेहऱ्याची हालचाल करविणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा येथूनच जातात. त्यांना धक्का लागला तर डोळ्याची पापणी मिटेनाशी होते. सांध्याच्या आंतल्या अंगाला एक मोठी रोहिणी असते. ती फुटली तर रक्त आवरणें कठीण. ह्या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेंत, नखाएवढ्या हाडावर काम करावयाचें असतें. दंतवैद्याच्या छिद्रकासारख्या बारीक यंत्रानें, वर मिठाचें निर्जंतुक पाणी सोडीत, हाडाचा पूल थोडा थोडा झिजवितात. पाणी नसेल तर घर्षणाच्या उष्णतेनें शेजारचें हाड करपतें. मुंडीचा पूर्ण भाग व त्याभोंवतींचें नवें हाड काढून टाकून तेथें एक मोकळी जागा निर्माण करतात. गालाची कमान चिकटली असेल तर तिचा कांहीं भाग व आंतील पात्याचें टोंकहि काढतात. रिकाम्या जागेंत पुन्हा पूल बांधला जाऊं नये म्हणून कित्येक शस्त्रवैद्य जवळचीच चरबी किंवा स्नायूचा एक पदर मध्यें घालतात. जखम शिवण्यापूर्वीं मेजावरच तोंड उघडून पाहतात व अंतर मोजतात. तेथें तोंड पुरेसें उघडलें नाहीं तर पुढें आपोआप उघडेल ही आशा व्यर्थ असते. म्हणून आणखी हाड काढतात, किंवा दुसऱ्या बाजूचाहि सांधा पाहतात.

सांध्याची मुंडीच काढून टाकली तर जबडा टिकणार कशावर, असा प्रश्न येथें कोणीहि विचारील. माणसांत तो प्रश्न फार अवघड झाला असता. मांजराच्या बाबतींत मात्र निसर्गानें कांहीं सवलत दिली आहे. त्याचे चावण्याचे स्नायु बळकट असतात व ते जबड्याला झोळीप्रमाणें तोलून धरतात. काढलेल्या मुंडीच्या जागीं कालांतरानें चिवट तंतूंचा एक खोटा सांधा तयार होतो, आणि तेवढ्यावर बहुतेक मांजरें उत्तम जेवतात. एकाच बाजूची मुंडी काढली असल्यास हनुवटी त्या बाजूला थोडी कलते, व क्वचित् खालचा सुळा टाळ्याला टोंचतो. मग तो सुळा आंखूड करावा लागतो. पिलाच्या बाबतींत उशीर न करतां सांधा मोकळा केला तर वाढत्या जबड्याला सरळ होण्यास पुष्कळ संधि मिळते.

शस्त्रक्रिया संपली म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं; अर्धें काम तेथून सुरू होतें, आणि तें घरच्या माणसांचें असतें. पहिले कांहीं दिवस मानेच्या बाजूनें अन्ननलिकेंत बसविलेल्या नळींतून पातळ अन्न द्यावें लागतें. वेदनाशामक औषध पशुवैद्यानें सांगितलेलें व सांगितलें तितकेंच. वेदना शमलेली असणें येथें केवळ दयेसाठीं नव्हे, तर हालचालीसाठीं अवश्य आहे. दुखत असेल तर मांजर तोंड उघडीत नाहीं, आणि तोंड मिटून बसलेलें मांजर पुन्हा हाडाचा पूल बांधावयास घेतें. म्हणून जखम भरूं लागतांच जबड्याला काम दिलें पाहिजे: मऊ मांसाच्या लांब पट्ट्या, खेळतांना तोंडांत धरण्याजोगी कापडाची वस्तु, आणि पशुवैद्यानें दाखविल्याप्रमाणें दिवसांतून कांहीं वेळां हलक्या हातानें तोंड उघडणें. कंटाळा येतो, मांजर ओरखडतें, पाहुणे आले म्हणजे एखादी पाळी चुकते. आणि सांधा पुन्हा जखडण्याचीं जीं कारणें आहेत त्यांत ही चुकलेली पाळीहि आहे. कसून काळजी घेतली तरी कांहीं मांजरांत, विशेषतः पिलांत, हाड पुन्हा वाढतें व दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. हें शस्त्रवैद्यानें आधींच सांगावें व ऐकणारांनीं तें खोटी भीति समजूं नये.

म्हणूनच ज्या मांजराच्या तोंडाला मार लागला, त्यावर शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, त्याच्या घरीं पुढचे कांहीं महिने एक वही ठेवावी. आठवड्यांतून एकदां, मांजर जांभई देत असतां, दुरूनच पट्टी धरून पुढच्या दांतांमधील अंतर अंदाजानें पाहावें व तारीख घालून लिहावें. हें काम घरांतील दहा-बारा वर्षांचें मूल मोठ्या माणसापेक्षां अधिक नेमानें करतें. आंकडा स्थिर राहिला तर ठीक. दोन आठवडे लागोपाठ उतरला तर वही घेऊन शिरवळ गांठावें. पेन्सिलीच्या टेकूचे दिवस तोंवर संपलेले असले, तरी हाडाचा पूल अरुंद असतांना काढणें आणि रुंद झाल्यावर काढणें ह्यांत मांजराच्या दृष्टीनें फार अंतर आहे.

शस्त्रक्रियेनंतरची जांभई पूर्वीइतकी मोठी भरत नाहीं, व ती भरावी अशी अपेक्षाहि नसते. मांसाचा तुकडा दाढेखालीं धरून कापतां आला म्हणजे पुरे. त्याच्याहि आधीं एक खूण दिसते: मळलेल्या केसांचें तें पिलूं एखाद्या दुपारीं उन्हांत बसून मान वळवितें, जीभ लांब बाहेर काढतें, आणि कित्येक आठवड्यांनंतर प्रथमच स्वतःची पाठ चाटूं लागतें.